उतारवयातली लांब रजा : पासबुकात काय आहे?

राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यात वर्षाला ३० दिवस अर्जित रजा जमा होते, १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ अशी. निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांचे रोखीकरण मिळते. म्हणून बहुतेक जण ती कवडी-कवडीने राखतात, आणि हिमालय, नर्मदा परिक्रमा, गावचे घर सारे साठीपलीकडे ढकलतात. मला हे पटत नाही. गुडघे तोवर थांबत नाहीत. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजाही साठते, तिच्याकडे कुणी पाहतच नाही. असाधारण रजा मात्र बिनपगारी. तिच्यामुळे वेतनवाढ लांबू शकते. खासगी नोकरीत बरेचसे कंपनीच्या धोरणावर. अर्जाआधी सेवापुस्तकातील रजेचा हिशेब आस्थापना शाखेतून तपासून घ्या.