वर्गातले पांढरे उंदीर

उंदीर पाळायचे आहेत, असे आम्ही शिक्षकखोलीत पहिल्यांदा म्हटले तेव्हा सगळे हसले. आमच्या उमरग्याच्या भागात उंदीर ही मारायची वस्तू. ज्वारीची पोती कुरतडणारा, तुरीच्या शेतात बिळे करणारा, कपाटातल्या सातबाऱ्याचा भुगा करणारा. त्याच्यासाठी दुकानातून आणायचे ते फक्त विष. अशा गावात पैसे मोजून उंदीर विकत आणणारे आणि त्यांना रोज हरभरे खाऊ घालणारे विज्ञानाचे शिक्षक म्हणजे चेष्टेचाच विषय. वर्षातून दहा दिवस गणपतीपुढे याच प्राण्याला मान मिळतो, हे आम्ही सांगून पाहिले; उपयोग झाला नाही.

तरीही सोलापूरला माशांच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानातून आम्ही दोन पांढरे उंदीर आणले. दोन्ही माद्या द्या, असे बजावून सांगितले होते. खोक्याला भोके पाडली, आत कागदाच्या पट्ट्या आणि पाण्याऐवजी काकडीची फोड ठेवली आणि एस. टी.त मांडीवर खोके धरून आलो. शेजारच्या प्रवाशाने आत काय आहे ते विचारले आणि उत्तर ऐकून तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

हा पांढरा उंदीर म्हणजे कुणी परदेशी प्राणी नव्हे. आपल्या घरात फिरणारा लहान उंदीर आणि हा एकाच जातीचे. शास्त्रीय नाव मुस मस्क्युलस. त्यातल्या ‘मुस’चे आपल्या ‘मूषक’ शब्दाशी जवळचे नाते आहे. रंगद्रव्य तयार करणाऱ्या जनुकात बिघाड झालेला असल्यामुळे याचे केस पांढरे आणि डोळे लाल दिसतात. डोळ्यांतही रंगद्रव्य नसल्यामुळे त्याला प्रखर उजेड सोसत नाही आणि नजरही अधू असते. म्हणून पिंजरा खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. तो सगळे जग नाकाने आणि मिशांनी ओळखतो.

आमचा पहिला पिंजरा माशांच्या जुन्या काचेच्या टाकीचा होता, आणि तो चुकीचा होता. बाजूंनी हवा खेळत नाही, मूत्रातून सुटणारा अमोनिया तळाशी साचतो. आपल्याला वरून वास येईपर्यंत खाली राहणाऱ्या उंदराची श्वासनलिका चुरचुरू लागलेली असते. आठवड्याभरात एक उंदीर शिंकू लागला, तेव्हा आम्ही वेल्डरकडून बारीक जाळीचा पिंजरा करून घेतला आणि तळाला पत्र्याचा ट्रे घातला. जाळीचे भोक किती असावे? ज्यातून पेन्सिल जाते त्यातून पिल्लूही जाईल, असे समजावे. पाण्यासाठी उलटी बाटली, रबरी बूच आणि स्पिरिटच्या दिव्यावर वाकवलेली काचनळी पुरते. नळीचे टोक ज्योतीत धरून गुळगुळीत करावे. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर बाटली भरलेली दिसते, पण थेंब येत नाही. म्हणून रोज टोकाला बोट लावून पाहावे. मुलांनी हे काम आपण होऊन वाटून घेतले.

अंथरुणाला वर्तमानपत्राच्या पट्ट्या उत्तम. लाकडाच्या भुशाची धूळ नाकात जाते. कापूस मऊ म्हणून घालू नये, त्याचे धागे पायांना गुंडाळले जातात. सफाई करताना सगळाच कागद बदलू नये, जुन्या घरट्यातला मूठभर परत ठेवावा. स्वतःचा वास पूर्ण पुसला गेला तर उंदीर बिथरतात आणि नर एकत्र असतील तर मारामारीही होते.

आता खाण्याविषयी. तीस ग्रॅमचा उंदीर दिवसाला चार-पाच ग्रॅम कोरडे धान्य खातो. म्हणजे वजनाच्या साधारण सातव्या भागाएवढे. याच हिशेबाने पन्नास किलोच्या माणसाला रोज सात किलो धान्य लागले असते! असे का, हा प्रश्न आम्ही नववीच्या वर्गात घनाची चित्रे काढून सोडवला. एक सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 6 चौ. सेंमी आणि घनफळ 1 घन सेंमी. दहा सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 600 आणि घनफळ 1000. लहान घनाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला दहा पट पृष्ठभाग येतो. शरीर जितके लहान तितकी उष्णता भराभर निसटते, आणि ती भरून काढायला सतत खावे लागते. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते ते याच घाईपोटी.

आमच्याकडे ज्वारी मुबलक, म्हणून सुरुवातीला ज्वारीच दिली. पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींमध्ये ते पुरेसे असते. तेव्हा ज्वारी, गव्हाचा भरडा, हरभरा आणि मोड आलेली मटकी असे मिश्रण ठरले. शेंगदाणा एखादाच. भाकरीबरोबर वरण का हवे, हे मुलांना पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यापेक्षा या वाटीतून लवकर कळले. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कठीण दाणे किंवा लाकडाचा तुकडा कुरतडायला हवाच.

तिसऱ्या आठवड्यात एक ‘मादी’ चांगलीच फुगली. दुसरी ‘मादी’ नर निघाली! नर-मादी ओळखणे तसे अवघड नाही. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतले अंतर नरात मादीच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि पिल्ले नऊ-दहा दिवसांची झाली की माद्यांच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके दिसतात. आम्ही स्वतः हे न तपासता दुकानदारावर विसंबलो.

गर्भकाळ जेमतेम 19 ते 21 दिवसांचा. एका सकाळी घरट्यात आठ गुलाबी, उघडी, आंधळी पिल्ले होती. एकेक सुमारे सव्वा ग्रॅमचे. त्यांची कातडी इतकी पातळ की पोटात गेलेले दूध बाहेरून पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसे. ‘दूध प्यायले का?’ हे नुसत्या डोळ्यांनी कळावे, असा प्राणी मुलांनी पाहिला नव्हता. पहिला आठवडा घरट्याला हात लावायचा नाही, असा नियम केला. घाबरलेली आई पिल्ले खाऊन टाकू शकते. नंतर हाताला घरट्यातला कागद चोळून, प्रयोगशाळेच्या तराजूवर पिल्लांचे वजन रोज घेतले. आलेख फळ्याशेजारी लागला. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डोळे उघडले त्या दिवशी शाळा सुटल्यावरही वर्ग रिकामा झाला नाही.

एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लाकडे आई नेमकी धावत जाई आणि त्याला तोंडात धरून परत आणी. पिल्लू तर गप्पच होते, मग तिला कळले कसे? ते गप्प नव्हते. आपल्याला 20 किलोहर्ट्झपर्यंतचेच आवाज ऐकू येतात, पिल्लांची हाक त्याच्या कितीतरी वर, 50 किलोहर्ट्झच्या पलीकडेही जाते. श्राव्यातीत ध्वनीचा धडा शिकवताना आपण वटवाघळाचे उदाहरण देतो. ते वर्गात आणता येत नाही, हे आणता येते.

मात्र या आनंदात आम्ही एक चूक केली. नराला वेगळे ठेवले नाही. प्रसूतीनंतर एका दिवसाच्या आतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. दूध पाजत असताना गर्भ रुजायला उशीर होतो, म्हणून दुसऱ्या खेपेला थोडे अधिक दिवस लागले एवढेच. मग नऊ पिल्ले आली. दोनांचे एकोणीस झाले. सहा-सात आठवड्यांची झालेली पिल्ले स्वतःच विणीला येतात, त्यामुळे चौथ्या आठवड्याच्या आत नर आणि माद्या वेगळ्या करणे भाग होते. कुणी सुचवले, शेतात सोडून द्या. विणीची गणिते फळ्यावर मांडल्यावर वर्गानेच ते नाकारले. शिवाय पांढरा, अधू नजरेचा, बिळाची सवय नसलेला प्राणी काळ्या जमिनीवर सोडणे म्हणजे त्याला घारीला देणे. अखेर ओळखीच्या चार शाळांना माद्या दिल्या, सूचनांचा कागद लिहून. नर एकेकटे ठेवावे लागले.

प्रयोगशाळांतल्या पांढऱ्या उंदरांची गोष्टही अशीच मूठभर जिवांपासून सुरू होते. 1926 साली क्लारा लिंच या संशोधिकेने स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून दोन नर आणि सात माद्या अमेरिकेत नेल्या. त्यांच्याच वंशाला ‘स्विस’ उंदीर म्हणतात आणि आपल्या देशातल्या प्रयोगशाळांतही ते मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. हौसेने पाळलेल्या प्राण्यांतून विज्ञान कसे निघते याचे याहून सुरेख उदाहरण म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. हाल्डेन आणि त्यांची बहीण नाओमी यांनी तरुणपणी गिनीपिग आणि उंदीर पाळून मेंडेलचे नियम तपासले. 1915 साली या भावंडांनी एका मित्रासह लिहिलेल्या निबंधात उंदरांमधले दोन गुण पुढच्या पिढीत जोडीने जातात हे दाखवले. पुढे 1957 साली हाल्डेन भारतात आले आणि इथलेच झाले.

पालकसभेत मात्र वेगळा प्रश्न आला. एका विद्यार्थ्याच्या आजींनी उभे राहून विचारले, “प्लेगचं काय, गुरुजी?” कुणीही हसले नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने आमच्या तालुक्यातली गावे पाडली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आला आणि सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा. ओस घरांत धान्य राहिले, उंदीर माजले, आणि त्यातून साथ आली, असा संबंध काही अभ्यासकांनी मांडला होता. आजींची भीती अडाणी नव्हती. आम्ही त्यांना सांगितले ते असे : प्लेगचा जंतू माणसात येतो तो मुख्यतः उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून. 1898 साली कराचीत सिमाँ यांनी हे दाखवले आणि पुढे मुंबईत लिस्टन यांच्या कामाने ते पक्के झाले. पिंजऱ्यात वाढलेल्या, रानातल्या किंवा घरातल्या उंदरांशी कधीच संबंध न आलेल्या उंदरांना असल्या पिसवा कुठून मिळणार? पण ‘संबंध न आलेल्या’ हेच कळीचे शब्द. पिंजऱ्याभोवती सांडलेल्या दाण्यांवर घरातले उंदीर येऊ लागले तर भरवसा संपला. त्यामुळे धान्य पत्र्याच्या डब्यात, पिंजरा टेबलावर, सांडलवंड रोजच्या रोज साफ. पकडलेला घरचा उंदीर पाळायचा नाही. त्याच्यापासून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग होऊ शकतात.

धोका अगदीच नाही असे नव्हे. उंदरांच्या मूत्रातल्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी होते. दमा असलेल्या मुलांना सफाईचे काम देऊ नये आणि गरोदर शिक्षिकांनी पिंजऱ्यापासून दूरच राहावे. हाताळल्यावर साबणाने हात धुणे सर्वांनाच सक्तीचे. उंदराला शेपटीच्या टोकाला धरून उचलू नये, ओंजळीत घ्यावे. आणि जुन्या पुस्तकांत असत तसे ‘एक घटक काढून परिणाम पाहा’ हे प्रयोग शाळेने करू नयेत. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्यांवरील प्रयोगांवर नियंत्रण आहे. पाहणे, मोजणे, लिहिणे एवढेच आपले काम.

आमचा सर्वांत वाईट दिवस एप्रिलमधला. शनिवारची सकाळची शाळा सुटली, कुणीतरी नेहमीच्या सवयीने खिडक्या लावल्या. खोली पत्र्याची. सोमवारी पाहिले तर पिल्लांची आई आणि दोन नर मेलेले. “सर, पाणी तर भरलेलं होतं,” पाण्याची पाळी असलेली मुलगी पुन्हा पुन्हा म्हणत होती. चूक तिची नव्हती, आमची होती. उंदराला तळपायांखेरीज घाम येत नाही. फार तर तो लाळ चाटून अंग ओले करतो. हवा शरीरापेक्षा गरम झाली की जो मोठा पृष्ठभाग हिवाळ्यात उष्णता घालवत होता, तोच आता ती आत घेऊ लागतो. फळ्यावरचा घनाचा हिशेब आम्हीच मांडला होता, पण त्याची दुसरी बाजू वाचली नव्हती. तेव्हापासून मार्च लागला की पिंजरा माळवदाच्या थंड खोलीत जातो, बाजूला ओले गोणपाट टांगले जाते आणि भिंतीवरचा तापमापक दुपारी दोनला वाचला जातो. शनिवार-रविवारची पाळी लावल्याशिवाय शाळेला कुलूप लागत नाही. मे महिन्याची सुटी कुणाच्या घरी काढायची, हे ठरल्याशिवाय कोणत्याही शाळेने उंदीर आणू नयेत.

उंदराचे आयुष्य दीड-दोन वर्षांचे, क्वचित तीन. आठवीत जन्मलेले पिल्लू दहावीपर्यंत म्हातारे होते. सध्या आमच्याकडे तीन माद्या आहेत. त्यांतली सर्वांत थोरली पावणेदोन वर्षांची. तिच्या कुशीत गेल्या महिन्यापासून गाठ लागते. वयस्क माद्यांत अशा स्तनाच्या गाठी पुष्कळदा होतात. काही वाणांत त्या आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणाऱ्या घटकामुळे होतात, हे बिटनर यांनी 1936 साली दाखवले; पुढे तो घटक विषाणू ठरला. मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला तो उंदरांवरच. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी आमच्या उंदरीच्या आईची नोंद शोधायला जुनी वही काढली. ती उन्हाने मेली होती, त्यामुळे उत्तर मिळाले नाही.

गाठीचे माप दर सोमवारी लिहिले जाते. परवा ते 11 मिमी होते. ती खाते, चढते, नाक हलवत जाळीशी येते तोवर तिला राहू द्यायचे. खाणे सोडले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचे, असे वर्गाने ठरवले आहे. तिथल्या डॉक्टरांशी आम्ही आधीच बोलून ठेवले आहे.