घरच्या गाण्यावर शेवटचा हात

घरी गाणं रेकॉर्ड करणं आता आपल्याकडे सर्रास चालतं. कुणाच्या मुलीची परीक्षेची बंदिश असते, कुणाच्या आजोबांची नाट्यपदं असतात, कुठे गौरीच्या जागरणाची गाणी असतात. माईक मागवला जातो, लॅपटॉप घरात असतोच, पंखा बंद करून बाकीच्यांना तासभर गप्प बसवता येतं. आवाज, पेटी आणि तबला यांचं प्रमाण जुळवून झालं की फाईल कुटुंबाच्या ग्रुपवर जाते. मग एक मामी लिहिते, "छान झालंय, पण फार हळू येतंय." आणि दुसऱ्याच्या गाडीत तेच गाणं नुसतं घुमत असतं.

या दोन तक्रारी मिटवण्याचं जे शेवटचं काम, ते मास्टरिंग. गेलं वर्षभर मी ते शिकतोय. स्टुडिओ नाही, शिकवायला गुरू नाही. नोकरी सांभाळून रात्री नऊनंतर जेवढं जमतं तेवढं. जे हाती लागलं त्यातलं बरंचसं आपल्या गाण्याला, म्हणजे तानपुरा-पेटी-तबल्याच्या गाण्याला, खास लागू आहे आणि शिकवणाऱ्या व्हिडिओंत सहसा सापडत नाही, म्हणून इथे लिहितोय.

'मास्टर' हा शब्द तबकड्यांच्या काळातला. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा कलाकार कर्ण्यासमोर बसून गायचे आणि त्या आवाजाच्या जोराने हलणारी सुई मेणावर रेघ कोरायची. त्या मेणावरून धातूचा साचा बनायचा आणि साच्यावरून तबकड्या. पुढे टेप आली, लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि टेपवरचं गाणं रेकॉर्डच्या खाचेत उतरवणारा वेगळा माणूस लागू लागला. खर्ज फार असला तर खाच रुंद हलते, सुई उडी मारते आणि एका बाजूला मावणारी मिनिटंही कमी होतात. त्यामुळे गाण्याला धक्का न लावता ते त्या खाचेत कसं बसवायचं, हा त्याचा धंदा होता. आज खाच गेली आणि तिच्या जागी मोबाईलचा स्पीकर, गाडी, इयरफोन आणि मंडपातले भोंगे आले. प्रश्न तोच राहिला.

माझ्यापुढे नऊ गाणी होती, सगळी माझ्या आत्याची. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, लोकमान्य नगरात राहते. पूर्वी काळी चारमध्ये गायची, आता पांढरी चारवर उतरली आहे आणि दम पूर्वीसारखा टिकत नाही. हे तिलाच आधी कळलं. "आत्ता भरून घे, पुढच्या वर्षी वरचा सा लागेल असं सांगता येत नाही," हे तिनेच मला सांगितलं. मागच्या खोलीत गाद्या उभ्या करून, पडदे लावून, तीन महिन्यांत जमेल तसं आम्ही भरलं. ती स्वतःच पेटी वाजवत गाते, त्यामुळे आवाज आणि पेटी एका माईकमध्ये, तबला दुसऱ्यात. हेडफोन तिला चालत नाही, म्हणून मोबाईलवरचा तानपुरा शेजारी ठेवला होता आणि तो दोन्ही माईकमध्ये थोडा थोडा आला.

हा तानपुराच पुढे सगळ्यात मोठा परीक्षक ठरला. पुण्याच्या आतेभावाने घाईने एक गाणं एका ॲपमधून काढलं. एक बटण दाबलं की गाणं 'तयार' होऊन मिळतं, अशातलं ते ॲप. गाणं दणदणीत झालं. आत्याने अर्धं कडवं ऐकलं आणि विचारलं, "ही कोण गातेय रे?"

काय झालं होतं ते मी नंतर दोन्ही फाईली शेजारी ठेवून पाहिलं. ॲपने आधी 'नॉईज' काढला होता. यंत्राच्या दृष्टीने नॉईज म्हणजे न बदलता सतत चालू राहणारा आवाज. पंखा तसा असतो, फ्रिज तसा असतो आणि तानपुराही बराचसा तसाच. त्यामुळे तानपुरा खरवडला गेला आणि त्याच्याबरोबर ओळीच्या शेवटी विरत जाणारा आत्याचा सूरही, कारण तोही मंद आणि स्थिर असतो. उरलेल्या शेपटाला पाण्यात बुडवल्यासारखा आवाज येत होता. त्यानंतर कॉम्प्रेसर लागला होता. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग सगळ्यालाच वर उचलतो. आत्या गाते तेव्हा तो दाबणार, ती श्वास घ्यायला थांबली की सोडणार. दोन ओळींच्या मधल्या जागेत तानपुरा फुगून वर यायचा आणि ती पुन्हा गायला लागली की खाली बसायचा. एकदा हे कानाला लागलं की दुसरं काही ऐकू येत नाही. शिवाय ती हळू म्हणते ती ओळ आणि मोकळ्या गळ्याने म्हणते ती ओळ एकाच उंचीवर आल्या होत्या. भजन म्हणताना ती जे करते, ते नेमकं या दोन ओळींमधल्या अंतरातच असतं.

म्हणून पहिली गोष्ट: रेकॉर्डिंग सुरू करताना, तानपुरा लावण्याआधी, रिकाम्या खोलीचे दहा सेकंद भरून ठेवा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरला नॉईजचा नमुना दाखवावा लागतो. तो या दहा सेकंदांचा दाखवला तर तो खोलीच काढेल, तानपुरा नाही. तरीही हात आखडता हवा. थोडी खरखर राहिली तर कान पाच मिनिटांत तिला विसरतो. खरवडलेला सूर मात्र विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट कानाच्या फसवणुकीची आहे आणि माझ्या मते नवशिक्याने एवढं एक शिकलं तरी अर्धं काम झालं. कोणतंही गाणं जरा मोठं केलं की ते चांगलं वाटतं. हार्वी फ्लेचर आणि विल्डेन मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि पातळी वाढवली की तो भरून येतो. म्हणजे तुम्ही एखादा इफेक्ट लावला, त्याने आवाज दोन डेसिबलने वाढला आणि तुम्ही म्हणालात "वा, काय भरीव झालं!", तर ती करामत बहुतेक त्या दोन डेसिबलचीच असते. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. बदल केल्यावर आवाज मूळ पातळीला आणून ठेवायचा आणि मग आधीचं-नंतरचं आलटून पालटून ऐकायचं. मी लावलेल्या दहा गोष्टींतल्या सहा-सात या परीक्षेत गळतात. ॲपमधून काढलेलं गाणंही असंच मूळ पातळीला आणून आतेभावाला ऐकवलं. तो फोनवर जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "जुनंच ठेव."

इक्वलायझरबद्दल थोडक्यात. घरातली खोली स्वतःचा सूर मिसळत असते. दहा फूट लांबीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला, ११२ च्या आसपास, आवाज घुमतो. भिंतींमधलं अंतर आणि ध्वनीचा वेग यांचा हा सरळ हिशेब आहे. गाडीत जे घुमतं ते बहुधा हेच. पण डग्ग्याचा घुमाराही याच भागात राहतो, त्यामुळे व्हिडिओत सांगतात म्हणून १०० हर्ट्झखालचं सगळं कापू नका. अरुंद पट्टी दोन-तीन डेसिबल खाली आणा आणि तबला ऐका. वरच्या बाजूला पेटीचा नाकातला आवाज आणि गाणाऱ्याचे शब्द दोन्ही साधारण एक ते तीन हजार हर्ट्झमध्ये दाटी करतात. आमच्याकडे तर दोन्ही एकाच माईकमध्ये, त्यामुळे पेटी कमी करायला जावं तर शब्दही पुसट होणार. तिथे मी एक डेसिबलच्या पुढे गेलो नाही. मास्टरिंगमध्ये कुठेही पाच-सहा डेसिबल फिरवावेसे वाटले, तर दुखणं मिक्सिंगमध्ये किंवा माईक ठेवण्यात आहे असं समजावं आणि शक्य असेल तर मागे जाऊन तिथेच दुरुस्त करावं.

ऐकताना तुलनेला एक चांगलं गाणं शेजारी ठेवतात. ते आपल्या जातीचं घ्या. सॉफ्टवेअरमध्ये आयत्या मांडण्या असतात त्या पॉप, रॉक, हिपहॉपच्या. त्यांचा आणि भजनाचा संबंध नाही. आपण इंदूरकर, आपल्या गावात उस्ताद अमीर खाँसाहेब राहिले-वाढले. त्यांच्या मारव्याची रेकॉर्ड लावून बघा. दोन स्वरांमध्ये किती जागा आहे आणि त्या जागेत तानपुरा किती शांत बसलाय ते ऐका. मी नऊच्या नऊ गाण्यांना हीच फूटपट्टी लावली, आवाजाच्या उंचीसाठी नाही, मधल्या शांततेसाठी.

आता मामींची तक्रार: "हळू येतंय." कानाला जाणवणारी सरासरी उंची मोजण्याचं एक आंतरराष्ट्रीय माप २००६ पासून आहे. त्याचं एकक एलयूएफएस, बोलताना लफ्स. ते मोजणारी मीटर मोफत मिळतात. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला गाणं बसवतात. त्याहून मोठं गाणं चढवलं तर ते खाली आणलं जातं. म्हणजे गाणं दाबून दाबून मोठं केलेलं तिथे वाया जातं. उंची निघून जाते आणि दाबलेपणा उरतो. व्यावसायिक संगीतात ही मोठेपणाची चढाओढ इतकी वाढली होती की मेटालिका या अमेरिकन बँडच्या २००८ सालच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमवर चाहत्यांनीच तक्रार केली. त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली आवृत्ती कमी दाबलेली होती आणि त्यांना तीच बरी वाटली. आपल्या पेटी-तबल्याच्या गाण्याला मला उणे १६ पुरेसं वाटतं. मात्र यूट्यूब हळू गाणं आपणहून वर नेत नाही, म्हणून उणे २४ ला सोडून दिलंत तर मामी पुन्हा तेच लिहितील आणि त्यांचं बरोबरच असेल. सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलवर थांबवायचं, कारण एमपीथ्री करताना टोकं थोडी वर सरकतात आणि फाटतात.

नऊही गाणी एकाच आकड्यावर आणायची नाहीत, हेही सांगायला हवं. संथ, एकटीने म्हटलेलं पद दीड-दोन लफ्स खालीच ठेवलं. ते टाळांच्या अभंगाइतकं मोठं झालं तर ऐकणाऱ्याला दचकायला होतं. आणि त्या अभंगाने मात्र माझी एक आख्खी संध्याकाळ घेतली. टाळेचा ठोका क्षणभराचा पण टोकदार असतो. टोकं अडवायला बसवलेला लिमिटर प्रत्येक ठोक्याला सगळं गाणंच खाली खेचायचा आणि आत्याचा आवाज लटपटल्यासारखा वाटायचा. टाळ तबल्याच्या माईकमध्ये आलेली, ती वेगळी काढता येत नव्हती. शेवटी त्या ट्रॅकवरचा एकेक ठोका हाताने तीन-चार डेसिबल खाली घेतला. दीडशेच्या वर ठोके होते. त्यानंतर लिमिटरला फारसं काम उरलं नाही.

पैशांचं म्हणाल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि रीपर साठ दिवस वापरून मग विकत घेता येतं. खर्च करायचाच तर बंद कपांच्या बऱ्या हेडफोनवर करा. बाकी परीक्षा फुकटच्या: मोबाईलचा स्पीकर (डग्गा जवळजवळ गायब होतो, तरी ठेका कळायला हवा), एबी रोडवरून जाताना गाडी, आणि एकदा सगळं मोनो करून. गणपतीत मंडपातल्या भोंग्यांवर गाणं मोनोच वाजतं, आणि भोंगे आधीच किंचाळणारे असतात. इयरफोनवर चकचकीत केलेलं गाणं तिथे कान फाडतं. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते. आणि मूळ, हात न लावलेली २४ बिट वेव्ह फाईल दोन ठिकाणी जपून ठेवा, तारीख आणि पट्टी लिहून. दहा वर्षांनी तुमच्याहून चांगले कान घरात असतील, त्यांना नव्याने बसता आलं पाहिजे.

पाचव्या गाण्यात भाता मारताना आत्याच्या बांगड्या वाजतात. आतेभावाचं म्हणणं, त्या काढ. काढता आल्या असत्या. मी ठेवल्या, आणि त्यानेही नंतर विषय काढला नाही. आत्याने नऊही गाणी एका बैठकीत ऐकली, डोळे मिटून, मध्ये एकदा चहा थंड झाला म्हणून कुरकुर करून. सातव्याला म्हणाली, "इथे मी कणभर उतरलेय." मी विचारलं, सुधारू का, आता यंत्राने होतं. "नको, उतरले तर उतरले. तू हे सांग, गौरीची सात-आठ गाणी राहिलीत, ती कधी भरायची?"

दिवाळीनंतर बसतोय. तेव्हा पंखा बंद ठेवला तरी चालतो.