सुप्याहून टोकियो किती लांब? विमानाला जाताना आठ तास, येताना साडेनऊ, असं का?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरच्या सुपा एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र आहे. त्यामुळे इथल्या एखाद्या इंजिनिअरला प्रशिक्षणासाठी जपान गाठावं लागलं, तर त्यात नवल नाही. पण तिकीट हातात पडलं की पहिला गोंधळ उडतो तो वेळेचा.

समजा, मुंबईहून टोकियोच्या नारिता विमानतळाकडे थेट विमान रात्री ८ वाजता निघालं आणि सकाळी ७.३० ला पोहोचलं. म्हणजे साडेअकरा तास? परतीचं विमान संध्याकाळी ५ ला निघून रात्री ११ वाजता मुंबईत उतरलं. म्हणजे फक्त सहा तास? दोन्ही हिशेब चुकीचे आहेत.

घड्याळाचा फरक

तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. जपानचं घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. म्हणून जाताना साडेतीन तास वजा करायचे, येताना तेवढेच मिळवायचे. उत्तर येतं जाताना ८ तास, येताना साडेनऊ.

अंतर किती?

मुंबई ते नारिता हे हवाई अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वात जवळचा मार्ग नेहमीच्या सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो. नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढून तोच प्रवास केला, तर साधारण १०० किलोमीटर जास्त पडतील.

मग दीड तास कुठे जातो?

वाऱ्यात! हिमालयापासून जपानपर्यंत खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती.

विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरू. वाटेत सरासरी १०० किलोमीटर वेगाचा वारा पाठीशी असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग १,००० होतो. तोच वारा समोरून आला, तर ८००. ६,८०० किलोमीटरला पहिल्या वेगाने ६.८ तास लागतात, दुसऱ्या वेगाने ८.५. उड्डाण, उतरणं आणि मार्गातली वळणं यांचा वेळ वेगळा. उन्हाळ्यात हे वारे मंदावतात आणि उत्तरेकडे सरकतात, तेव्हा जाण्या-येण्यातला फरकही कमी होतो.

सुप्यातून निघताना

सुप्याहून पुणेमार्गे मुंबई विमानतळ गाठायला पाच-सहा तास धरा. उड्डाणाच्या तीन तास आधी तिथे पोहोचायचं. म्हणजे रात्री ८ च्या विमानासाठी सकाळी अकराच्या सुमारास घर सोडावं लागेल. नारिताहून टोकियो शहरही साठेक किलोमीटर दूर आहे.

आणि हो, नारिताला सकाळचे साडेसात वाजलेले असतात, तेव्हा सुप्यात पहाटेचे चारच झालेले असतात. त्यामुळे महत्त्वाची मीटिंग दुसऱ्या दिवशी ठेवलेली बरी.