गारगोटी, स्फटिक आणि धूळ

आमच्याजवळ करंगळीएवढा एक स्फटिक आहे. सहा बाजूंचा, पाण्यासारखा स्वच्छ. विडी कामगारांच्या सभांसाठी आमगाव-सालेकसा भागात हिंडताना खडी फोडणाऱ्या एका सोबत्याने तो आम्हांला दिला. तेव्हापासून आम्हांला हा छंद लागला. शाळा आमची फारशी झाली नाही. सांगतो आहोत ते पुस्तकांतून आणि पायपिटीतून मिळालेले.

गोंदिया जिल्ह्याचा हा खडक फार जुना. भूशास्त्रज्ञांनी त्यातल्या एका खडकसमूहाला 'आमगाव नाइस' असेच नाव दिले असून त्याचे वय २०० कोटी वर्षांहून अधिक आहे. अशा खडकाच्या भेगांतून भूगर्भातले कढत पाणी वर आले, निवले आणि त्यात विरघळलेली सिलिका मागे राहिली. भेग गच्च भरली तेथे पांढरी गारगोटी झाली. पोकळी उरली तेथे स्फटिकाला टोक काढून वाढायला जागा मिळाली. द्रव्य दोहोंचे एकच.

मग खरा स्फटिक ओळखावा कसा? तो काचेवर ओरखडा काढतो. लोखंडी खिळ्याने मात्र स्वतः ओरखडत नाही. कॅल्साइट खिळ्याने ओरखडतो. काचेच्या खड्यात पुष्कळदा गोल बुडबुडे दिसतात. स्फटिक आखूड असो वा लांब, त्याच्या लगतच्या दोन उभ्या बाजूंमधला कोन १२० अंशांचाच असतो. स्फटिकांतील कोनांचा हा नेम निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडला.

नांगरलेले शेत, विहिरीच्या खोदाईतला दगड, येथे मालकाला विचारून शोधावे. नवेगाव-नागझिऱ्याच्या राखीव वनातला खडा मात्र उचलू नये. प्रत्येक नमुन्याला गाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी जोडावी. चिठ्ठी हरवली की नमुना मुका होतो.

दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि दगड ओला हवा. कारण याच सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. आमच्या त्या सोबत्याला कित्येक वर्षे क्षयाची औषधे दिली गेली. खरा रोग कळला तेव्हा त्याला दहा पावलेही चालवत नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत हा रोग नोंदलेला होता. तो बरा होत नाही. पाण्याच्या फवाऱ्याने आणि धूळ कोंडून ठेवल्याने टळतो.

म्हणून आमच्या चिठ्ठीवर गाव व तारखेखाली आणखी एक ओळ असते: खडा कोणी काढला, आणि तो कोणत्या कामावर होता.