टोचाटोची

(द्वितीय वर्ष, कला)

कोंबडीची पिले दिसायला किती गोजिरवाणी! पण हीच पिले एकमेकांना टोचून रक्तबंबाळ करतात, प्रसंगी जीवही घेतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. गेल्या माघात आमच्या सोप्यात ते घडले आणि त्याला माझे अर्धवट ज्ञान कारणीभूत झाले. म्हणून हा लेख.

आमच्याकडे दोन-चार गावठी कोंबड्या नेहमीच असतात. त्यांची पिले त्यांच्याच पंखाखाली वाढतात. गेल्या वर्षी मात्र आईने बचत गटातून कर्ज काढून वनराजा जातीची एक दिवसाची ६० पिले आणली. विकतच्या पिलांना आई नसते. ऊब दिव्याची द्यावी लागते. सोप्यात पत्र्याचे गोल कडे केले, खाली भाताचे तूस पसरले आणि वर शंभर-शंभरचे दोन दिवे टांगले. माझी पहिल्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती. त्याच दिव्यांखाली मी रात्री पुस्तक घेऊन बसू लागले. पिलांना ऊब, मला उजेड, आणि वीजबिल एकच!

बाराव्या दिवशी संध्याकाळी एका पिलाच्या शेपटीपाशी रक्त दिसले. पाच-सहा पिले त्याच्या मागे लागली होती. आई घाबरली. मी घाबरले नाही. कारण मला त्यामागचे शास्त्र माहीत होते! थॉर्लिफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कळपात कोंबड्यांची एक उतरंड असते. वरची खालचीला टोचते आणि खालची मुकाट बाजूला होते. मानसशास्त्राच्या तासाला ऐकलेले हे सारे मी आईला समजावून सांगितले. खरे सांगायचे तर हा सिद्धान्त मला फार लवकर पटला होता. कॉलेजात नवीन असताना माझ्या बोलण्याला मुली हसत. जगाची रीतच अशी, असे म्हणून गप्प बसायला तो बरा पडे.

आई एवढेच म्हणाली, "तुझ्या पुस्तकात आसंल तर आसंल बाई."

सकाळी दोन पिले मेलेली होती. तिसऱ्याची पाठ सोलून निघाली होती.

ते तिसरे पिलू पिशवीत घालून मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जखम धुतली, माझे शास्त्र शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, की उतरंड खरी. पण पिलांत ती साधारण सहा-सात आठवड्यांनंतर ठरू लागते. शिवाय उतरंडीतली टोच ही ताकीद असते. एकदा बसली, की भांडण मिटते. तुमच्याकडे चालले आहे ते भांडण नव्हे, तो त्रास आहे. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि प्रत्येक उत्तरात आमची चूक निघाली.

पहिला प्रश्न उष्णतेचा. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करायची असते. आमचे दोन्ही दिवे मात्र पहिल्या दिवसाइतकेच खाली, आणि भर दुपारी वरचा पत्रा तापलेला असतानाही चालू! तापमापक नसला तरी पिलेच सांगतात. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कड्याला चिकटून चोची वासून बसली तर उकाडा, सगळीकडे पसरली तर ठीक.

दुसरा प्रश्न जागेचा. सुरुवातीला पिलामागे अर्धा चौरस फूट पुरतो. महिन्याचे होईतो एक फूट लागतो. आम्ही कडे वाढवलेच नव्हते. खाद्याचे भांडेही एकच. त्यामुळे धाकट्यांना पोचायला वाट नाही. तिसरा प्रश्न खाद्याचा. वाढत्या पिलांना सुमारे २० टक्के प्रथिने लागतात. विकतचे खाद्य पुरावे म्हणून आम्ही त्यात निम्म्या कण्या मिसळत होतो, आणि कण्यांत प्रथिने त्याच्या निम्मीही नसतात. प्रथिने किंवा मीठ कमी पडले, की पिले एकमेकांची पिसे उपटून खाऊ लागतात. त्यात एकदा रक्त दिसले, की तांबड्या रंगाकडे सगळ्यांच्या चोची वळतात आणि एकाचे पाहून दुसरे टोचते.

घरी येऊन मी हे सांगत होते, तेव्हा आईने चौथा प्रश्न विचारला. "कोंबडी पिलांस्नी रातभर उजेडात ठेवती का गं?"

मी निरुत्तर झाले. कोंबडीच्या पंखाखाली ऊब असते आणि अंधारही असतो. लख्ख उजेडात पिलांना विसावा मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगावरची बारीकशी जखमही दिसते. युरोपातही अंधाऱ्या ऊबपेट्यांचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांत टोचणे कमी झाल्याचे आढळले आहे, हे मी नंतर वाचले. आमच्या सोप्यात तो उजेड माझ्या अभ्यासासाठी होता.

मग आम्ही उपाय केले. जखमी पिलू ताबडतोब वेगळे केले. पण लांब नेले नाही. कड्याला लागूनच डालग्याखाली ठेवले, म्हणजे इतरांना ते परके होत नाही. जखमेला पोटॅशियम परमँगनेटचे फिकट पाणी आणि वरून कडुनिंबाचे तेल लावले. सर्वांत टोचरे पिलूही तीन दिवस बाजूला काढले. कडे दुप्पट केले, भांडी तीन ठेवली, कण्या बंद केल्या. दिवसा दिवे बंद. रात्री एकच, तोही तांबडा आणि उंच टांगलेला. तांबड्या उजेडात रक्त उठून दिसत नाही. चोची गुंतवायला मेथीची जुडी चोचीच्या उंचीवर बांधली. जखम भरल्यावर पिलू रात्री, सगळी झोपल्यावर, हळूच आत सोडले. मोठ्या फार्मवर पिलांच्या चोचीची टोके कापतात. त्याने टोचणे कमी होते. पण पिलांना वेदना होतात, आणि त्रासाचे मूळ कारण तसेच राहते. घरच्या साठ पिलांना त्याची गरज पडत नाही.

चार दिवसांत टोचणे थांबले. ५८ पिले वाढली, अंड्यांवर आली; कर्जाचे हप्ते त्यांतूनच चालले आहेत. परीक्षेचा उरलेला अभ्यास मी चुलीपुढे, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली केला.

त्या दोन पिलांची मात्र मला अजून आठवण येते. 'हे असेच चालायचे' म्हणण्यापुरते शास्त्र मी शिकले होते; कडे किती रुंद आहे, हे पाहण्याइतके शिकले नव्हते. यंदा आमच्या वर्गात वाडीवरच्या तीन नव्या मुली आल्या आहेत. त्यांच्या बोलण्याला कोणी हसले, की मी आता उतरंडीचा सिद्धान्त आठवत बसत नाही. बाकावर सरकून त्यांना जागा करून देते.