बेसाल्टातील भूजल आणि किरणोत्सर्गी द्रव्यांचे भूगर्भीय विसर्जन

अणुभट्ट्यांतील तीव्र किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव्ये अखेरीस खोल भूगर्भात ठेवावीत, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. याविषयी स्थानिक रहिवाशांना वाटणारी शंका मात्र पुष्कळदा अज्ञानजन्य समजली जाते. हे कितपत युक्त आहे, ते कवठे महांकाळच्या खडकावरून पाहू. येथे असे विसर्जनस्थान योजिलेले नाही. हा परिसर केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.

प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे आहे. तारापूर येथे अशी द्रव्ये काचेत गोठवून पोलादी पात्रांत साठविली जातात. ती पुढे भूगर्भात ठेवल्यास पात्र गंजविणारे, काच झिजविणारे आणि द्रव्य जीवसृष्टीपर्यंत आणणारे मुख्य साधन म्हणजे पाणी होय. म्हणून केवळ खोलीवरून सुरक्षितता ठरत नाही.

कवठे महांकाळचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचा बनलेला आहे. घट्ट बेसाल्ट स्वतः जवळजवळ अपार्य असतो. परंतु त्यातील सांधे, प्रवाहांचे सच्छिद्र माथे आणि दोन प्रवाहांमधील संधी यांतून पाणी वाहते. एक विहीर कोरडी पडावी आणि शेजारच्या विंधनविहिरीस पाणी लागावे, याचे कारण हेच. खोलवर भेगा बहुधा मिटत जातात, हे खरे; तथापि त्या सर्वत्र मिटल्या आहेत हे प्रत्येक स्थळी सिद्ध करावे लागते. शिवाय स्थिर मानलेल्या या पठारावर १९६७ साली कोयना व १९९३ साली किल्लारी येथे विनाशक भूकंप झाले.

अमेरिकेतील हॅनफर्ड येथे बेसाल्टातच विसर्जनस्थान शोधण्याचा प्रयत्न झाला. भूजलाची गती व खडकातील ताण हे तेथील प्रमुख वादविषय होते. १९८७ साली ते स्थळ सोडून देण्यात आले. आपल्याकडे १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे १,००० मीटर खोलीवर खडक तापवून निरीक्षणे घेण्यात आली; त्यांत किरणोत्सर्गी द्रव्य वापरले नव्हते. तरीही २०१२ साली तेथे टाकाऊ द्रव्ये पुरली जाणार अशी वार्ता पसरताच लोक विरोधास उभे राहिले.

अशा विरोधामागील भीती काही वेळा अतिरंजित असेल. तिच्यातील प्रश्न मात्र यथार्थ असतो. अग्रणीच्या खोऱ्यात ‘पाणी कोठून येते व कोठे जाते’ हे शेतकरी विचारतो, आणि भूवैज्ञानिकालाही प्रथम तेच शोधावे लागते. म्हणून विहिरींच्या पातळीच्या नोंदी व ग्रामस्थांचे अनुभव स्थळनिर्णयानंतर नव्हे, तर त्यापूर्वीच अभ्यासात समाविष्ट होणे अगत्याचे आहे.