पायाची बोटे कोण उचलते?

चप्पल काढून खुर्चीवर बसा. पाऊल जमिनीला टेकलेले ठेवून फक्त बोटे वर उचला. पावलाच्या वरच्या बाजूस कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या दिसतील. अंगठ्याकडे जाणारी एक जाड, बाकीच्या बोटांकडे पंख्यासारख्या पसरलेल्या चार बारीक. आम्ही वर्गात हे करून पाहतो तेव्हा मुले त्यांना हमखास ‘शिरा’ म्हणतात. पण शिरांतून रक्त वाहते. या आहेत कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या.

मग स्नायू कुठे आहेत? नडगीच्या बाहेरच्या बाजूला हात ठेवून बोटे पुन्हा उचला. हाताखाली काहीतरी घट्ट होते ना? ओढणारे तिथे आणि हलणारी बोटे इथे, अगदी कळसूत्री बाहुलीसारखे! घोट्यापुढे या दोऱ्या वळतात. तिथे त्या ताणाने वर उसळू नयेत म्हणून एक आडवा पट्टा त्यांना दाबून धरतो.

आता फक्त अंगठा उचला. बहुतेकांना जमते. फक्त मधले बोट उचला. जमत नाही! अंगठ्याच्या दोरीला स्वतंत्र स्नायू आहे. उरलेल्या चारही दोऱ्या एकाच स्नायूच्या. बाहेरच्या घोट्याच्या किंचित पुढे, पावलावर, एक मऊ उंचवटा हाताला लागतो. ती सूज नव्हे. अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या तीन बोटांना मदत करणारा तो आखूड स्नायू. करंगळीला ही मदत सहसा मिळत नाही.

या सर्वांना, आणि पाऊल उचलणाऱ्या मुख्य स्नायूलाही, हुकूम पोचवणारा मज्जातंतू एकच. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाची गाठ लागते; तिच्या खालून, कातडीच्या अगदी जवळून तो वळतो. फार वेळ उकिडवे बसल्याने तो दबू शकतो. कुष्ठरोगातही त्याला इजा होऊ शकते. मग दोऱ्या शाबूत, पण ओढणारे गप्प! पावलाचा पुढचा भाग घासतो, ठेच लागते. संवेदनाही गेली असेल तर पायातली चप्पल निसटलेली कळत नाही.

असे मूल दिसले तर ‘नीट चाल’ म्हणून रागावण्याआधी त्याला बाजूला घेऊन बोटे उचलायला सांगू या. एक पाय मागे पडला तर पालकांशी बोलून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवू या. कुष्ठरोगाची औषधे तिथे मोफत मिळतात. वेळेवर उपचार झाले तर गेलेली ताकद परत येऊ शकते.